पावतीवर नसलेली माणसं

माझ्या पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तीन इंग्रजी अक्षरं ती आयुष्यभर ओळखत असे. यू, एच आणि पुन्हा एच. १८९६ साली पावसाळा सरता सरता मांडवीत प्लेग निघाला, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती आणि तिच्या वडिलांची भाड्याची खोली तिथून हाकेच्या अंतरावर होती. डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ अर्धी मुंबई गाठोडी बांधून गावी पळाली. मागे राहिले त्यांच्या दारात तपासणीची माणसं येऊ लागली. रोगी सापडला की भिंतीवर खुणेचं वर्तुळ. घर माणसांनी राहण्याजोगं नाही असं ठरलं की ही तीन अक्षरं. भिंतींना चुना फासत, ऊन आत पडावं म्हणून छपराची कौलं उतरवत. डोक्यावर उघडं आभाळ आणि खाली चूल, असे कित्येक दिवस आम्ही जेवलो, असं पणजी सांगे.

ती हे माझ्या आत्याला सांगे आणि आत्या मला सांगते. आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे ज्या इमारतीत तिचा जन्म झाला, त्याच इमारतीत ती आजही राहते, आणि मीही तिच्याबरोबर. चार पिढ्या आम्ही इथे भाडेकरू आहोत. मालकाच्या दप्तरात भाडेपावत्यांची बुकं असतील, त्यांत आमच्या बिऱ्हाडापुढे तीनच नावं सापडतील: पणजोबा, आजोबा आणि माझे वडील. इमारतीबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते मात्र सगळं पणजी, आजी, आई आणि आत्या यांच्या तोंडून आलेलं आहे. इमारत आता पाडली जाणार आहे. म्हणून हे लिहायचं.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाटीच्या वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून घरं पाडून रुंद रस्ते काढायचे, हे त्याचं मोठं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच निघाले. पणजीच्या वडिलांची खोली अशाच एका आखणीत गेली. भरपाई मालकाला मिळाली. भाडेकरूने दुसरी जागा शोधायची होती. पणजीला यातलं एक दृश्य शेवटपर्यंत आठवत होतं. तिच्या आईने पाडायच्या आदल्या दिवशी जमीन शेणाने सारवून घेतली. कोणी तरी विचारलं, उद्या पडणार ना घर? तर ती म्हणाली, आज राहतोय ना आपण.

पणजीचं लग्न होऊन ती गिरगावात आली ती आमच्या या इमारतीत. पणजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. निर्णयसागरसारखे नामवंत छापखाने तेव्हा याच परिसरात होते, आणि प्रुफं तपासणारे, खिळे जुळवणारे, पुस्तकं बांधणारे असे कितीतरी लोक आसपासच्या वाड्यांमधून राहत. इमारत तेव्हा नवी होती. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर पुढून लांब गॅलरी, मागे सामाईक मोरी आणि संडास. वर मंगलोरी कौलं. सांगाडा सगळा सागवानाचा, तोही ब्रह्मदेशातून बोटीने आलेल्या. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा, आणि खांबांच्या मधल्या जागेत विटा भरलेल्या. अशी घरं मुंबईत तेव्हा हजारांनी उठली. लोखंड महाग होतं आणि मोलमीनचा साग मुबलक होता. चुन्यातली भिंत ओल शोषते आणि उन्हात ती सोडूनही देते; लाकडाला ओल लागली तरी वारा मिळाला तर ते टिकतं. मागची बाजू मात्र सतत ओली. म्हणून अशा इमारतींची संडासाकडची बाजू आधी जाते. आमचीही तीच गेली.

त्या काळी भाड्याच्या जागा बदलणं काही विशेष नव्हतं. चार आणे स्वस्त मिळालं की लोक बिऱ्हाड हलवत. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला, तो युद्धापुरता. खरा बदल दुसऱ्या युद्धात झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण, असं ठरलं, आणि १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने ते पक्कं केलं. आमच्या दोन खोल्यांचं भाडं तेव्हा साडेनऊ रुपये होतं. आजीचं लग्न होऊन ती आली तेव्हा साडेनऊ, माझा जन्म झाला तेव्हाही मूळ भाडं साडेनऊच.

आज या कायद्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण गिरणीत, छापखान्यात, पेढीवर काम करणाऱ्या माणसाला या शहरात म्हातारं होता आलं ते त्या कायद्यामुळे. पणजीच्या आईला सारवलेली जमीन दुसऱ्या दिवशी सोडावी लागली. आजीला ती धास्ती नव्हती. तिने गॅलरीत तुळस लावली, माळा करून घेतला, भिंतीत फडताळं बसवली. आपण इथून हलणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाची ती कामं आहेत.

१९४२ची गोष्ट आत्या सर्वांत रंगून सांगते. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं. तिथली हिंदी माणसं लाखांनी निघाली. कित्येक जण डोंगर-जंगलातून पायी आली, कित्येक वाटेतच मेली. आता मुंबईवर बाँब पडणार म्हणून इथलेही बरेच जण खोल्यांना कुलपं लावून कोकणात गेले. आमच्या वरच्या मजल्यावर त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्यांचे एक नातलग येऊन राहिले. रंगूनला लाकडाच्या वखारीत ते हिशेबनीस होते. बायको वाटेत गेलेली, बरोबर एक मुलगा. सगळे त्यांना रंगूनवाले काका म्हणत. पहिल्याच दिवशी जिना चढताना त्यांनी कठड्याच्या खांबावर हात ठेवला आणि तिथेच बसून राहिले, असं आजी सांगायची. जे लाकूड त्यांनी तिथे वर्षानुवर्षं मोजलं होतं, तेच इथे जिन्याला लागलेलं होतं.

काकांना नोकरी मिळेपर्यंत दुपारचा वेळ असे. त्यांनी मजल्यावरच्या मुलांना तुळया वाजवायला शिकवलं. बोटाच्या पेराने ठोकायचं, मग कान लावायचा. निरोगी सागाचा आवाज वर येतो आणि लवकर विरतो. वाळवीने आतून खाल्लेल्या लाकडाचा आवाज खाली बसतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मुलांनी त्याचा खेळ केला आणि खेळता खेळता विसरलीही. आत्या विसरली नाही.

१४ एप्रिल १९४४ला दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीवर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. बोटीवर दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. आत्याला आठवतं ते असं: गॅलरीतल्या सगळ्या तसबिरी एका वेळी खाली आल्या आणि कौलांची माती भातात पडली. लोक सोन्याच्या गोष्टी करत राहिले. पणजीने त्या संध्याकाळी रंगूनवाल्या काकांना हाक मारली आणि दोघांनी कंदील घेऊन चारही मजल्यांचे सांधे पाहिले. एक खुंटी निघाली होती, ती ठोकून बसवली. मालकाचा माणूस आठवड्याने आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबद्दल, जानेवारी १९५६च्या गोळीबाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमच्या इमारतीत त्या दिवसांत एकही दार आतून कडी लावलेलं नसे, एवढंच सांगते. पोरं पळत येत, ज्या घरात शिरत त्या घरातली बाई ताट वाढून त्यांना पाटावर बसवी. पोलीस डोकावले तर घरातलंच पोर जेवतंय असं दिसावं म्हणून.

आत्याचं लग्न दादरला झालं होतं. १९६१ साली ती विधवा होऊन माहेरी आली ती कायमचीच. तिने पालिकेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. ट्राम बंद झाल्या १९६४च्या मार्चअखेर. तोपर्यंत ती रोज ट्रामने जात असे, नंतर पायी. आजोबा १९७१ला गेले. महिन्याभराने भाडं गोळा करणारा मालकाचा मेहताजी आला आणि पावती नव्या नावावर करायची बोलणी झाली.

इथे मला जरा थांबायचं आहे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारी त्याच्या कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते, असं कायदा म्हणतो. त्यात मुलगा असं लिहिलेलं नाही. आजी तिथे राहत होती, आत्या राहत होती, माझे वडील राहत होते. तिघांचा हक्क सारखाच. पण मेहताजीच्या कागदावर एकच ओळ होती आणि ती कोणी भरायची हे विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही. वडिलांचं नाव लागलं. आजीने आणि आत्याने 'आमची हरकत नाही' म्हणून सह्या केल्या. आजीचा अंगठा, आत्याची सही. शेकडो मुलांना अक्षरं शिकवणाऱ्या बाईची सुरेख, गोल सही. गिरगाव, परळ, लालबाग, भायखळा, कुठल्याही जुन्या इमारतीतल्या पावत्या काढून पाहा. ना-हरकतीच्या कागदांवर बायकांच्या सह्या सापडतील आणि पावतीवर पुरुषांची नावं.

वडील एका कापड गिरणीच्या कचेरीत होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणी पुन्हा धड चाललीच नाही आणि वडिलांना पुढे बरीच वर्षं पक्की नोकरी मिळाली नाही. त्या काळातलं भाडं, विजेचं बिल, माझी आणि भावाची फी आत्याच्या पगारातून गेली. दर महिन्याला मेहताजी येई, आत्या पैसे मोजून देई आणि तो पावती फाडून तिच्या हातात ठेवी. पावतीवर वडिलांचं नाव असे. आत्या त्या तारखेप्रमाणे तारेत ओवून ठेवी.

मालकाची बाजूही मला माहीत आहे, कारण मालकाच्या आईचं आणि आजीचं सख्य होतं. ते कुटुंब काही गब्बर नव्हतं. मालकाच्या आजोबांनी सावकाराचं कर्ज काढून इमारत बांधली, आणि १९४०च्या भाड्यात १९७०ची डागडुजी करणं कुणालाच शक्य नव्हतं. सगळ्या इमारतीच्या वर्षभराच्या भाड्यात एका जिन्याच्या पायऱ्या बदलून झाल्या नसत्या. मग मालकाला पैसा मिळे तो पागडीतून. खोली हातची जाताना जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मालकाला देई. हे १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यापर्यंत बेकायदा होतं आणि सर्रास चाले. भाडी अशी गोठवून ठेवणं अन्यायाचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटलं. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण साडेनऊ रुपयांवर चार टक्के!

ज्या कायद्याने माणसं वाचवली त्याच कायद्याखाली इमारती कुजल्या. या दोन्ही गोष्टी मी एकाच घरात राहून पाहिल्या आहेत आणि दोहोंपैकी एकही मला नाकारता येत नाही.

साठच्या दशकात जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ होत्या. त्यातल्या १६,५०२ इमारती १९४०च्या आधीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. आमच्या मागच्या बाजूला पहिला टेकू लागला तो आईच्या आठवणीत माझ्या जन्माच्या आसपास. मग लोखंडी गर्डर आले. लाकडी तुळईच्या खाली गर्डर सारून वरचा भार त्यावर घेतात. तुळई जागच्या जागी राहते, काम मात्र गर्डर करतो. मे महिन्यात कौलांवर ताडपत्री चढे, आणि दसऱ्याला उतरे.

आणि भार वाढवला आम्हीच, तोही प्रेमाने. मूळ कोबा होता. आजीने त्यावर शहाबादी बसवून घेतली, सारवण्यातून सुटका म्हणून. वडिलांनी त्यावर मोझेक घातलं, घरातून एक लग्न व्हायचं होतं म्हणून. शेजाऱ्यांनी मोझेकवर चकचकीत टाइल्स घातल्या. आत्या तेव्हा जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगत होती की आधीचं काढा आणि मग नवं घाला; लाकूड किती पेलणार? काढायची मजुरी जास्त पडत होती. आज आमच्या मजल्यावरची जमीन म्हणजे पापुद्रे सुटलेल्या चिरोट्यासारखी झाली आहे, एका पिढीची एक घडी.

ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजाराजवळ हुसैनी इमारत पडली आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत पावसाच्या रात्री कोणी गाढ झोपत नाही. पणजीच्या तीन अक्षरांच्या जागी आता सी-१ आलं आहे. पालिका ज्या इमारती अतिधोकादायक ठरवते त्यांचा हा वर्ग. घर रिकामं करायचं, संक्रमण शिबिरात जायचं आणि वाट पाहायची. आमच्या तळमजल्यावरचं एक कुटुंब आपली जुनी इमारत पडल्यावर सायनला प्रतीक्षानगरच्या शिबिरात गेलं होतं. त्यांच्या दोन मुलींची लग्नं त्या शिबिरातून झाली, आणि शेवटी कंटाळून त्यांनी इथे खोली घेतली. त्यामुळे खाली करा हा शब्द कानावर आला की आमच्याकडची म्हातारी माणसं दाराच्या चौकटीला धरून उभी राहतात. ती अडाणी नाहीत. त्यांना परत येणाऱ्यांचा हिशेब ठाऊक आहे.

आता पुनर्विकासाची बोलणी पुढे गेली आहेत. नियम असे की निम्म्याहून अधिक, एक्कावन्न टक्के भाडेकरूंची संमती हवी आणि जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर, तेही मालकीचं. मालकाने सहा महिन्यांत काही केलं नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला संधी मिळते, हे २०२०च्या दुरुस्तीत आलं. भाडेकरूंनी शंभर महिन्यांचं भाडं देऊन इमारत विकत घ्यावी, अशी तरतूद कायद्यात १९८६ साली घातली गेली होती. मालकांची संघटना तिच्याविरुद्ध न्यायालयात गेली. त्यातूनच नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही. गिरगावातल्या गॅलऱ्यांमधून बायका हा खटला भाजी निवडताना चर्चेला घेत असत, इतका तो आमच्या घरातला होता.

पात्र भाडेकरूंची यादी करायची म्हटल्यावर आमच्या बिऱ्हाडाचा प्रश्न पुन्हा आला. पावती अजून वडिलांच्या नावावर आहे. ते आणि आई दोघंही आता नाहीत. भाऊ पुण्याला. त्याने फोनवर सांगितलं, तुझं नाव लाव, मी सही करतो. मी म्हटलं, आत्याचं लावू. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, अर्थातच. हल्लीचा मेहताजी तरुण आहे, संगणकावर पावत्या काढतो. तो चांगल्या मनाने म्हणाला, "ताई, आजींचं वय बघता पुन्हा दोन-चार वर्षांत नाव बदलावं लागेल. खर्च दोनदा कशाला?" मी त्याला सांगितलं, दोनदा करू. वडील वारले तेव्हा त्यांच्याबरोबर राहत होती ती आत्या. १९६१पासूनचं तिचं रेशनकार्ड याच पत्त्याचं आहे, मतदारयादीत नाव याच पत्त्यावर आहे. संपाच्या काळातल्या सगळ्या पावत्यांचे पैसे तिने मोजून दिले आहेत. माझं नाव नंतर लागेल, लागो. १९७१च्या कागदावर तिने 'हरकत नाही' लिहिलं होतं, या वेळी तिच्या नावाला आम्ही बाकीच्यांनी तसं लिहून द्यायचं आहे.

सगळ्या मजल्यांवर मी हेच सांगत फिरते आहे. यादी पक्की व्हायच्या आधी घरातल्या बाईचं नाव लावा. भाडेकरूचं घर मालकीचं होण्याची ही वेळ आहे. जे नाव आज यादीत जाईल तेच उद्या मालकीच्या कागदावर उतरणार. काहींनी लावलं. एका घरात त्यावरून भांडण झालं, आणि तिथल्या काकू आमच्याकडे येऊन आत्यापाशी बराच वेळ बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज स्वतः नेऊन दिला.

आत्याचा अर्ज गेला आहे. घर खाली करायला अजून अवकाश आहे, आणि पावसाळ्यापूर्वी मागच्या बाजूचे टेकू बदलणं भाग होतं. परवा मुकादम चार माणसं घेऊन आला. त्याने टॉर्च मारला, एका तुळईवर खडूने फुली केली आणि हिच्याखाली नवा टेकू घ्या म्हणाला. आत्या काठी टेकत मागच्या गॅलरीत गेली. तिने काठी माझ्या हातात दिली, बोटाच्या पेराने ती तुळई ठोकली, मग पलीकडची ठोकली, आणि पुन्हा एकदा पलीकडची.

"ही चांगली आहे," ती मुकादमाला म्हणाली. "तिच्या शेजारची आतून गेलीय. आधी तिला धरा."